'मी जाणतों' : एका स्लाव्ह क्रियापदाची कुळकथा

ज्या भाषेची एकही ओळ कोणीं लिहून ठेविली नाहीं, त्या भाषेंतील क्रियापद चालवून दाखवितां येईल काय? आदिस्लाव्ह ही तशी भाषा होय. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या सर्व तिच्याच लेकी. इ. स. ८६३ मध्यें सिरिल व मेथोडियस हे बंधू धर्मकार्यासाठीं मोराव्हियाकडे निघाले, आणि त्यांच्या भाषांतरांपासून स्लाव्ह वाङ्मयाचा आरंभ झाला. त्यापूर्वींची भाषा मात्र, मुलींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ताडावा, तशी ताडावी लागते. अशा ताडलेल्या शब्दामागें खूण म्हणून तारका छापण्याचा प्रघात आहे.

'वेदेति' म्हणजे 'जाणणें' हें असेंच एक क्रियापद. त्याचीं वर्तमानकाळचीं रूपें देवनागरींत साधारणपणें अशीं लिहितां येतील : एकवचनीं वेमि, वेसि, वेस्ति, अनेकवचनीं वेमु, वेस्ते, वेदेंति. संस्कृत शिकलेल्यास येथें वेद्मि, वेत्सि, वेत्ति यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. धातु एकच, 'विद्'. स्लाव्ह भाषेंत म आणि स यांच्यापूर्वीं द गळाला, आणि त पुढें येतांच त्याचा स झाला. स्वर पुढें आला तेथें, म्हणजे 'वेदेंति' या रूपांत, तो द जसाच्या तसा उभा आहे. हा नियम केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. संस्कृत 'अत्ति', म्हणजे खातो, याचें स्लाव्ह रूप याच वाटेनें 'एस्ति' असें झालें आहे.

परंतु याहूनही जुनें एक रूप धर्मग्रंथांच्या प्राचीन स्लाव्ह भाषेंत टिकून राहिलें आहे. तें 'वेदे', म्हणजे 'मी जाणतों'. त्याला नेहमींचा 'मि' प्रत्यय नाहीं. संस्कृतांतही वेद्मि याच्या जोडीस नुसतें 'वेद' आहेच. घडण परोक्ष भूतकाळाची, अर्थ मात्र वर्तमानकाळाचा. ग्रीक भाषेंतील 'ओइदा' हें रूपही त्याच जातीचें. याचें कारण मूळ अर्थांत सांपडतें. हा धातु आरंभीं 'पाहणें' या अर्थाचा होता. लॅटिन 'विदेरे' व स्लाव्ह 'विदेति' यांचा अर्थ आजही तोच आहे. 'पाहिलें आहे', म्हणून 'जाणतों'. ऐकीव गोष्टीस ज्ञान म्हणावयाचें नाहीं, असा जणु त्या पूर्वजांचा दंडकच होता.

पुढें या शब्दाचें नशीब निरनिराळें झालें. पोलिश 'व्येम' आणि चेक 'वीम' यांत 'मी जाणतों' हा अर्थ अद्याप जिवंत आहे. रशियनांत नित्याच्या बोलण्यांतील ती जागा 'ज्नात्' या दुसऱ्या क्रियापदानें घेतली; तें संस्कृत 'ज्ञा' धातूचें आप्त. 'वेदे' मात्र झिजून 'व्येद्' असें अव्यय होऊन राहिलें. 'तो आजारी आहे ना!' यांतील 'ना' जें काम करतो, तेंच तें करतें. रशियन मनुष्य दिवसांतून अनेकदां तो शब्द उच्चारतो; पण आपण 'मी जाणतों' असें म्हणत आहों, हें मात्र तो जाणत नाहीं.