बास गिटारचा प्रीअँप आणि त्याच्या पोटांतील कॉम्प्रेसर



बास गिटार हें वाद्य असें आहे कीं, तें वाजत असतांना त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तें मध्येंच थांबलें म्हणजे मात्र घराचें जोतें खचल्याप्रमाणें सारें गाणें अधांतरीं लोंबूं लागतें. अशा वाद्याविषयीं, आणि त्यांतही तें वाजवितांना पायाशीं ठेवावयाच्या एका लहानशा डबीविषयीं, एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें हें कांहींजणांस विचित्र वाटेल. परंतु ह्या डबीच्या पायीं आमच्या घरांतील एका मुलाचा हातचा व्यवसाय जावयाची वेळ आली होती. म्हणून त्या निमित्तानें जें कांहीं शिकलों तें सांगतों.

माझा पुतण्या आमच्याकडील एका ऑर्केस्ट्रांत बास वाजवितो. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई हा त्याचा हंगाम. आज सुसज्ज सभागृह, तर उद्यां पत्र्याचा मांडव. प्रत्येक ठिकाणची ध्वनियंत्रणा निराळी आणि ती हाताळणारा मनुष्यही निराळा. ऑर्केस्ट्राच्या चालकांनीं त्याला दोनदां बजावलें, "तुझे कांहीं सूर छातीवर आदळतात, आणि कांहीं मुळीं ऐकूंच येत नाहींत. असेंच चालावयाचें असेल तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर आम्ही बास भागवून घेऊं." ही पोकळ धमकी नव्हे, कित्येक ऑर्केस्ट्रांतून बास वाजविणारा असाच नाहींसा झालेला आहे. तेव्हां मुलानें शिकवण्यांतून सांठविलेले पैसे काढले, शहरांतील एका दुकानांत गेला, आणि ज्याच्या पोटांतच कॉम्प्रेसर आहे असें एक प्रीअँप पेडल घेऊन आला. पहिल्याच कार्यक्रमांत त्याची स्थिति पूर्वींपेक्षां वाईट झाली.

ह्या दोन इंग्रजी शब्दांना 'पूर्ववर्धक' आणि 'संकोचक' असे प्रतिशब्द मीं घडवून पाहिले. पुतण्यानें ते ऐकून नुसते हात जोडले. बरें, डबीस 'पेटी' म्हणावें तर आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. तेव्हां वाजविणाऱ्या मंडळींचेच शब्द मी वापरणार आहें.

प्रीअँपचें काम समजावयास सोपें आहे. तार हलली कीं तिच्याखालील लोहचुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत अगदीं क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो तसाच लांबलचक वायरीनें मिक्सरपर्यंत नेला, तर वाटेंत त्याचें तेज जातें व भोंवतालची गुणगुण त्यांत मिसळते. प्रीअँप त्याला जवळच्या जवळ बळ देतो, त्याचे खालचे, मधले व वरचे सूर आपल्या इच्छेप्रमाणें कमीअधिक करूं देतो, आणि तीन टोंकांच्या संतुलित वायरीनें तो मिक्सरकडे रवाना करतो. न्यूयॉर्कच्या टेक २१ ह्या कंपनीनें १९८९ सालीं अँड्र्यू बार्टा यांचा सॅन्सअँप बाजारांत आणला. पुढें त्यांनीं बाससाठीं काढलेलें पेडल इतकें रूढ झालें कीं, आज मंचावर त्या जातीचीं पेडलें जागोजागीं दिसतात. त्या मूळच्या बास पेडलांत कॉम्प्रेसर मात्र नाहीं, आणि त्यावांचून हजारों लोकांचें उत्तम चाललें आहे, हेंही लक्षांत ठेवावें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी वाजविली असतां सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. पांच तारांच्या बासवरील सर्वांत जाड तारेचीं सुमारें ३१. मांडवांतील पुष्कळशा कर्ण्यांना इतका खालचा सूर धड काढतांच येत नाहीं. तरीही आपणांस तो सूर 'ऐकूं' येतो, कारण त्याच्या दुपटीचे, तिपटीचे जे वरचे सूर त्याच्यासोबत असतात, त्यांवरून आपला कान मूळ सूर मनांतल्या मनांत उभा करतो. म्हणून 'बास ऐकूं येत नाहीं' अशी तक्रार आली कीं खालच्या सुरांचें बटन फिरविणारा मनुष्य बहुधा चुकतो. फिरवावयाचें तें मधल्या सुरांचें. ज्या पेडलांत मधल्या सुरांची केवळ मात्राच नव्हे, तर त्यांची जागाही निवडतां येते, तें अधिक उपयोगाचें.

आतां कॉम्प्रेसर. मला तो वर्गांतील शिक्षकासारखा वाटतो. मुलांची कुजबूज चालू असते तोंवर शिक्षक कांहीं बोलत नाहीं. गलबला एका मर्यादेपलीकडे गेला कीं तो हात वर करतो. ही झाली पहिली गोष्ट, मर्यादा. हात वर केल्यावर गलबला किती दाबावयाचा, हें प्रमाण ही दुसरी. प्रमाण चारास एक असेल, तर मर्यादेच्या वर ८ डेसिबल गेलेला सूर २ डेसिबलच वर जाऊं दिला जातो. प्रमाण दहास एक किंवा त्याहून कडक झालें म्हणजे त्यास लिमिटर म्हणतात. तो शिक्षक छडी घेऊनच उभा! तिसरी गोष्ट, शिक्षक किती चटकन हात वर करतो. चौथी, तो किती वेळानें खालीं घेतो. आणि पांचवी अशी कीं, सगळा वर्ग दबला म्हणजे एकंदर आवाज लहान होतो, तो भरून काढण्यासाठीं मागाहून सर्वच आवाज वर उचलावा लागतो. ह्या पांचव्या गोष्टींतच सारी मेख आहे. कारण त्या वेळीं मागच्या बांकावरची कुजबूजही वर उचलली जाते.

पूर्वीं ही यंत्रें पायाशीं नसत, ध्वनिमुद्रणाच्या खोलींत असत. लिओ फेंडर यांनीं कॅलिफोर्नियांत १९५१ सालीं प्रिसिजन बास बाजारांत आणली. पुढच्या दशकांत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनींत जेम्स जेमर्सन यांची बास कर्ण्याच्या मध्यस्थीवांचून सरळ मुद्रणाच्या टेबलाला जोडीत. त्याच काळांत एलए-२ए नांवाचा कॉम्प्रेसर प्रसिद्धीस आला. त्याच्या पोटांत एक दिवा आणि प्रकाशानें ज्याचा अवरोध बदलतो असा एक घटक समोरासमोर ठेवलेला असे. आवाज वाढला कीं दिवा अधिक उजळे, आणि आवाज दबे. त्याची चाल मंद, मऊ. १९६७ सालचा ११७६ हा ट्रान्झिस्टरचा, अतिशय चपळ. आजच्या पेडलांतील कॉम्प्रेसर पुष्कळदां ह्या दोन घराण्यांपैकीं एकाची चाल उचललेले असतात, आणि विकत घेतांना कोणत्या घराण्याचा आहे हें विचारण्यासारखें आहे. चपळाई सदैव चांगलीच असें नव्हे. ४१ कंपनांच्या सुराचें एकच कंपन पुरें व्हावयास सुमारें २४ सहस्रांश सेकंद लागतात. कॉम्प्रेसरची पकड व सोड ह्याहून पुष्कळ त्वरेनें होऊं लागली, तर तो सुराचा लहानमोठेपणा सांभाळण्याऐवजीं प्रत्यक्ष लाटेचाच आकार मोडूं लागतो, आणि जाड तारेचा सूर फाटतो.

आतां पुतण्याच्या पेडलाकडे वळतों. त्यांत खालच्या-वरच्या सुरांचीं बटनें आधीं होतीं आणि कॉम्प्रेसर त्यांच्या मागाहून. हें डबीवर कोठेंही लिहिलेलें नव्हतें. सोबतच्या कागदावरील लहानशा आकृतींत होतें, आणि तो कागद त्यानें उघडलाच नव्हता. बास कमी ऐकूं येते म्हणून त्यानें खालच्या सुरांचें बटन पुढें नेलें. खालच्या सुरांत आधींच सर्वांत अधिक जोर असतो. तो आणखी वाढल्याबरोबर कॉम्प्रेसरनें हात वर केला, आणि खालच्याच नव्हे तर सगळ्याच सुरांस एकदम दाबलें. बोटाचा तारेवरील स्पर्श, ज्यामुळें सूर कोठें सुरू झाला तें कळतें, तोही त्यांत गेला. म्हणजे तो जितका अधिक बास मागे, तितकी यंत्र ती गिळी. घामाघूम होऊन मुलगा बटन पुढें पुढें नेत होता.

दुसरी भानगड गुणगुणीची. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशीं जो सूर निघतो तो ४९ कंपनांचा. म्हणजे विजेची गुणगुण बासच्या सुरांच्या ऐन वस्तींत येऊन बसते. ती कापावी तर सूरही कापला जातो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेंत कॉम्प्रेसरचा हात खालीं आला कीं ती गुणगुण पूर्ण उंचीनें उभी राही, आणि निवेदक बोलत असतांना सबंध मांडवभर भुंगा फिरतो आहे असें वाटे.

मध्यंतरांत मी मिक्सरजवळच्या मनुष्याकडे गेलों व कांहीं करतां येईल कां म्हणून विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, कमी-जास्त मला करतां येतें, पण दाबून आलेला आवाज मला उलगडतां येत नाहीं." वर्षभरांत ह्या विषयावर मीं जें जें वाचलें, त्या सर्वांहून हें एक वाक्य मोलाचें ठरलें. मिक्सरवर बहुधा कॉम्प्रेसर असतो. समोर बसून ऐकणारा मनुष्य सभागृह पाहून तो लावूं शकतो. मंचावर पायाशीं दाबून पाठविलेला सूर मात्र पुन्हां मोकळा होत नाहीं.

मग असलें पेडल घेऊंच नये कीं काय? तसें मी म्हणणार नाहीं. ज्याला रोज नव्या ठिकाणीं नव्या माणसाच्या हातीं आपला आवाज सोंपवावा लागतो, त्याला थोडासा, स्वतःच्या ताब्यांतला कॉम्प्रेसर उपकारकच आहे. एकच डबी, एकच वीजजोड, आणि बिघडण्याजोग्या वायरी कमी. परंतु ती डबी निवडतांना मी आतां प्रथम एकच प्रश्न विचारीन: कॉम्प्रेसर रांगेंत कोठें बसला आहे, आणि त्याला एकट्याला बंद करतां येतें काय? त्याचें पायानें दाबावयाचें स्वतंत्र बटन नसेल, तर बाकीचे गुण मला सांगूं नका. मिक्सरकडे जाणारी वाट पेडलाच्या आधींची कीं नंतरची, हें निवडावयाची कळ असल्यास फारच उत्तम. मिक्सरवाल्यास शुद्ध सूर देतां येतो आणि आपल्या कर्ण्यास घडविलेला. किती दाब पडतो आहे हें दाखविणारा एखादा दिवा तरी हवाच. कमी दाब कानास लवकर कळत नाहीं. गुणगुण तोडण्यासाठीं जमिनीचा जोड सोडविण्याची कळ असावी. ती बहुतेक पेडलांत असते. पुतण्याच्या पेडलांतही होती, फक्त त्याला ती ठाऊक नव्हती!

कांहीं कारागिरांनीं हा रांगेचा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे. इंग्लंडच्या ऑरेंज कंपनीच्या बास बटलर नांवाच्या पेडलांत सूर आरंभींच दोन वाटांनीं फुटतो. एका वाटेवर स्वच्छ बास व तिच्यापुरता कॉम्प्रेसर. दुसऱ्या वाटेवर खरखरीत, फाटका आवाज. ह्यांत शहाणपण आहे. आवाज फाटतो तेव्हां त्याचीं शिखरें मुळांतच कापलीं जातात, म्हणजे तोही एक प्रकारचा दाबच असतो. त्यावर पुन्हां कॉम्प्रेसर चढविणें म्हणजे इस्त्रीच्या कपड्यावर पुन्हां इस्त्री. मात्र आमच्या मुलाला फाटका आवाज वर्षांतून दोनचार गाण्यांसच लागतो. त्यासाठीं तेवढे पैसे मोजावे असें मला वाटलें नाहीं.

दुकानांत पारख कशी करावी, हें आम्हीं पहिलें पेडल तोट्यांत विकल्यावर शिकलों. आपली स्वतःची गिटार व स्वतःची वायर न्यावी. कॉम्प्रेसर चालू आणि बंद, दोन्हीं वेळां आवाजाची उंची सारखी करून मगच तुलना करावी. अधिक मोठा आवाज कानाला नेहमींच अधिक चांगला वाटतो, आणि विकणाऱ्यास हें पक्कें ठाऊक असतें. जाड तार मोकळी वाजवून ती विरेपर्यंत थांबावें. मग कांहींही न वाजवितां मिनिटभर ऐकावें. दुकानदार चुळबुळ करतो, करूं द्यावी. त्यानंतर एकच ओळ हळू, मध्यम व जोरानें वाजवावी. तिन्हीं वेळां सारखाच आवाज आला तर दाब फार झाला. हाताला बोलतां आलें पाहिजे. पहिल्या खरेदीच्या वेळीं मुलानें ह्यांतलें कांहीं केलें नव्हतें. लहान खोलींत मोठ्या कर्ण्यावर दोन मिनिटें ऐकून तो भुलला होता, आणि त्या वयांत मीही भुललों असतों.

एक गोष्ट त्याला बोलून दाखवावयास मला जड गेलें. कॉम्प्रेसर बंद ठेवून त्याचें वाजविणें आम्हीं मोबाईलवर मुद्रित केलें, तेव्हां कळलें कीं करंगळीनें धरलेले सूर दुबळे आणि मोकळ्या तारेचे सूर दांडगे निघत होते. चालकांची तक्रार बव्हंशीं हीच होती. "काका, म्हणजे दोष माझ्या हाताचा?" त्यानें विचारलें. मी म्हणालों, "अर्ध्याहून अधिक." दोन दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहांटे पांचाला माजघरांतून बासचा आवाज येऊं लागला, कर्ण्याला न जोडलेल्या कोरड्या तारांचा, हळू आणि जोरानें, हळू आणि जोरानें.

नवें पेडल त्यानें श्रावणांत घेतलें. त्यांत कॉम्प्रेसरला स्वतंत्र बटन आहे, आणि तो खालच्या-वरच्या सुरांच्या बटनांच्या आधीं बसतो. प्रमाण तीनास एकाच्या आसपास ठेवलें आहे; दिवा फक्त जोराच्या सुरांना लुकलुकतो. अंगठ्यानें तार ठोकून वाजवावयाच्या गाण्यांत तो चालू, संथ गाण्यांत बंद. गणपतीच्या सातव्या दिवशीं पत्र्याच्या मांडवांत मी शेवटच्या रांगेंत उभा होतों. मिक्सरजवळ तोच मनुष्य होता. मध्यंतरांत मी त्याच्याकडे पाहिलें. त्यानें मान हलविली, आणि पुन्हां ढोलकीच्या बटनाकडे वळला. चालकांनीं नवरात्राच्या नऊही रात्री मुलाला दिल्या आहेत.