चुकीची खबर कुठवर जाते?



अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला इथं एकच तक्रार मांडायची आहे. आपण राउटिंग प्रोटोकॉल कमांडी पाठ करून शिकतो, आणि त्याच शिदोरीवर हजार राउटरांचं नेटवर्क आखायला बसतो.

प्रोटोकॉल हाती घेतला की आधी विचारावं, हा राउटर कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो? सांगणारा चुकला तर ती चूक कुठवर पोचते? रिप हा प्रोटोकॉल चालतो शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर. लिंक तुटली की दोघे शेजारी एकमेकांचंच ऐकून अंतर वाढवत बसतात, म्हणून 16 म्हणजे अनंत असं ठरवून टाकावं लागलं. ओएसपीएफ हा प्रोटोकॉल प्रत्येक राउटरच्या हाती आपल्या एरियाचा, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या भागाचा, पूर्ण नकाशा देतो आणि डाइक्स्ट्रांच्या 1959च्या रीतीने वाट काढतो. इतकं वर्गात होतं. नकाशावरची माहिती ताजी की शिळी हे कसं ओळखायचं, यावर मात्र कोणी तासभर घालवत नाही. खरी गंमत तर तिथंच आहे.

27 ऑक्टोबर 1980 रोजी इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट काही तास ठप्प झालं. तेव्हा प्रत्येक नोड आपल्या लिंकची खबर सहा बिटांचा क्रमांक लावून सगळ्यांना पाठवायचा. 63 नंतर पुन्हा 0, त्यामुळे नवी खबर कोणती हे वर्तुळात मोजून ठरायचं. एका यंत्रात बिट गळाले आणि एकाच नोडच्या नावावर 44, 40 आणि 8 अशा तीन खबरा फिरू लागल्या. बायनरीत मांडून बघा, दर वेळी एकच बिट गळतो. 44 हा 40पेक्षा नवा, 40 हा 8पेक्षा नवा, आणि वर्तुळाच्या हिशेबाने 8 हा 44पेक्षा नवा! तिघी एकमेकींना मागे टाकत फिरतच राहिल्या. अशा खबरांना अग्रक्रम असल्याने नोडांना दुसरं काही सुचेना. एखादं यंत्र बंद करून सुरू केलं तरी शेजारी तीच खबर पुन्हा हातात ठेवायचा. शेवटी ‘त्या नोडच्या खबरा घेऊ नका’ असा बदल सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये करावा लागला. एरिक रोझेन यांनी 1981मध्ये हे सगळं आरएफसी 789मध्ये लिहून ठेवलं आहे. रहस्यकथेसारखं वाचता येतं.

ओएसपीएफमधला सरळ वाढणारा 32 बिटांचा क्रमांक, चेकसम आणि खबरेला दिलेलं वय हे याच दुखण्यावरचे इलाज. आपला विद्यार्थी तोंडी परीक्षेत या वयाची मर्यादा ‘3600 सेकंद’ असं धडाधडा सांगतो. कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्कं जोडणाऱ्या बीजीपीत तर सगळे राउटर नियमाप्रमाणे वागूनही घोटाळा होतो. 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब अडवण्यासाठी 256 पत्त्यांचा एक मार्ग जाहीर केला. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग 1024 पत्त्यांचा होता. राउटर अधिक नेमका मार्ग निवडतो, आणि वरच्या सेवादात्याने चाळणी लावली नव्हती. जगभरातली यूट्यूबची बरीचशी रहदारी सुमारे दोन तास भलतीकडे वळली.

म्हणून कुणी मोठ्या नेटवर्कचा आराखडा दाखवला की मी आधी कुंपणं शोधतो. एरिया कुठं संपतो, मार्गांची गोळाबेरीज कुठं होते, ग्राहकाकडून किती मार्ग स्वीकारायचे, मार्ग जाहीर करणाऱ्याचा हक्क तपासणारी आरपीकेआयची पडताळणी चालू आहे का. गोळाबेरीज केली की तपशील झाकला जातो आणि रहदारी कधी लांबच्या वाटेने जाते, हे मान्य. मी ती किंमत मोजेन. वेगाचा विचार त्यानंतर.

महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना एक सूचना. प्रात्यक्षिक परीक्षेत कोरं नेटवर्क देऊ नका. चालतं नेटवर्क द्या, त्यातल्या एका राउटरला खोटा मार्ग जाहीर करायला लावा, आणि तो कुठं अडायला हवा होता हे विचारा. एफआरराउटिंग हे राउटिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, साध्या संगणकावर दहा-बारा राउटर सहज उभे राहतात. महागडी लॅब नाही ही सबब आता चालणार नाही. दुपारच्या सत्रात अशी एक प्रश्नपत्रिका बसून काढूया. मी थांबणार आहे, तुम्हीही थांबा.