एका महिन्याचं विद्यापीठ

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशी शिक्षणाच्या संधी'. विषय फार मोठा आहे आणि त्यावर बोलणारे सल्लागार आता प्रत्येक तालुक्याच्या गावात ऑफिस थाटून बसले आहेत. मी सल्लागार नाही, नोकरी करणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून त्यातल्या एका लहान कोपऱ्याबद्दलच बोलते, जो मी स्वतः पाहिलाय. परदेशातली विद्यापीठं सुट्टीच्या दिवसांत बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी तीन ते आठ आठवड्यांचे वर्ग चालवतात. कमी दिवसांत खूप शिकवतात, कसून शिकवतात. त्याला समर स्कूल किंवा समर कोर्स म्हणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत मला नात्यातून, ओळखीतून यासाठी सारखे फोन येतात. "आपा, मुलाला असं पत्र आलंय. खरं आहे का? पैसे भरू का?" त्या फोनचं उत्तर आज एकदाच सगळ्यांना देते.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगते. आम्ही मिरजेचे. अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होते आणि शनिवार-रविवार मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत होते. का शिकत होते? खरं सांगायचं तर वसतिगृहातली मैत्रीण जात होती म्हणून. तिथल्या फलकावर एक दिवस जाहिरात दिसली. जर्मनीची डाड नावाची संस्था आहे, जर्मन विद्यापीठांची परदेशी विद्यार्थ्यांशी देवाणघेवाण पाहणारी. ती जर्मन विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. मी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. पुढच्या वर्षी पुन्हा केला, तो मंजूर झाला. 2010 च्या ऑगस्टमध्ये मी हायडेलबर्गला गेले. 1386 मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं.

घरी सांगितलं तेव्हा अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, "एक महिने में क्या सीखके आती तू?" प्रश्न अगदी बरोबर होता. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

एका महिन्यात किती शिकता येतं, हे भावनेनं नको, तासांनी मोजू. युरोपात क्रेडिटची एक सामाईक पद्धत आहे. पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट आणि 1 क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. या कामात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा सगळं आलं. समजा तीन आठवड्यांच्या एका कोर्सला 5 क्रेडिट आहेत. म्हणजे 125 ते 150 तास. आठवड्याला 42 ते 50 तास. म्हणजे ही सहल नाही, पूर्णवेळ नोकरी आहे. डाडची शिष्यवृत्ती ज्या कोर्सना लागू होते, त्यांनाही अट असते: प्रवासाचे दिवस सोडून किमान 18 दिवस वर्ग झाले पाहिजेत आणि आठवड्याला किमान 25 तास. गृहपाठ त्यावर वेगळा. उलट एखादा कोर्स सांगत असेल की दोन आठवड्यांत तीन विषय, रोज दुपारनंतर भटकंती आणि शेवटी पदवीदान समारंभ, तर तासांचा हिशेब तुम्हीच करा.

कसून शिकवणं म्हणजे काय, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये आहे. मिडलबरी कॉलेजनं 1915 मध्ये उन्हाळी भाषाशाळा सुरू केली. तिथे विद्यार्थ्याला लेखी शपथ घ्यावी लागते की कोर्स संपेपर्यंत मी जी भाषा शिकायला आलोय तीच बोलेन. जेवताना तीच, भांडताना तीच. आपल्यापैकी ज्यांच्या घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी आहे, त्यांना हे ऐकून हसू येईल. आपण तर लहानपणापासून हेच करतोय!

आता माझा पहिला दिवस. हातात जर्मनचं चांगल्या गुणांचं प्रमाणपत्र होतं, मनात थोडा गर्व होता. सकाळी सगळ्यांची चाचणी झाली आणि मला वाटलं होतं त्याच्या खालच्या वर्गात टाकलं. कारण मला व्याकरण येत होतं, बोलता येत नव्हतं. वर्गात बाई विचारायच्या, "तुला काय वाटतं?" आणि मी पुस्तकातलं उत्तर शोधायची. पुस्तकात माझं मत कुठून असणार? पहिला आठवडा मी जवळजवळ गप्प होते. दुसऱ्या आठवड्यात चुकीच्या जर्मनमध्ये बोलायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाचं म्हणणं मला पटलं नाही आणि मी ते भर वर्गात सांगितलं. इथे कॉलेजच्या तीन वर्षांत मी असं एकदाही केलं नव्हतं.

आणखी एक. त्या ऑगस्टमध्ये रमजान आला. तिथला उन्हाळ्याचा दिवस लांबलचक. पहाटे चारच्या सुमाराला सहेरी संपायची आणि इफ्तार रात्री पावणेनऊच्या पुढे. साधारण 17 तास. सकाळी वर्ग, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गृहपाठ. प्रवासात रोजा सोडायची सवलत आहे, हे मला माहीत होतं. मी काही रोजे ठेवले, काही सोडले. पण बाईंना आधीच सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "तुला वर्गात काही बदल हवा आहे का?" मी म्हटलं, नको. बस, एवढंच बोलणं झालं. माझ्या वर्गात तुर्कस्तानची एक आणि इंडोनेशियाची एक मुलगी होती. आम्ही तिघी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रात्री नऊला एकत्र जेवायचो. तिघींची सामाईक भाषा एकच होती, मोडकीतोडकी जर्मन! मला वाटतं, मी खरी जर्मन त्या स्वयंपाकघरात शिकले.

मग या महिन्यानं मला काय दिलं? नोकरी दिली नाही. पुढे ज्या मुलाखती झाल्या, त्यांत एकानंही हायडेलबर्गबद्दल विचारलं नाही. ते प्रमाणपत्र आजही मिरजेच्या कपाटात आहे. मिळाली ती बोलायची सवय. आज आमच्या कामात पाच देशांतले लोक एका कॉलवर असतात आणि "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणायला मला लाज वाटत नाही. अब्बांना मी हेच उत्तर दिलं. ते म्हणाले, "इतना बी बहुत है."

आता ज्या फोनबद्दल सुरुवातीला बोलले, त्याकडे येते. माझ्या एका मामेभावाला बारावीनंतर ईमेल आला, "आपली निवड झाली आहे." इंग्लंडमधल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाचं गाव, दोन आठवडे, 'भावी नेतृत्व' असं काहीतरी नाव. मामींनी बांगड्या मोडल्या. तो जाऊन आला तेव्हा कळलं की विद्यापीठाचा त्या कोर्सशी काही संबंध नव्हता. सुट्टीत कॉलेजच्या खोल्या रिकाम्या असतात, त्या खासगी कंपनीनं भाड्यानं घेतल्या होत्या. परीक्षा नाही, क्रेडिट नाही. प्रमाणपत्रावर कंपनीचं नाव, मागे जुन्या इमारतीचं चित्र. यात बेकायदा काही नाही, लक्षात घ्या. खोल्या भाड्यानं देणं तिथे राजरोस चालतं. कागदावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. आम्हीच वाचलं नव्हतं. मामेभाऊ वर्षभर त्या प्रवासाबद्दल बोलला नाही. त्याची चूक नव्हती, पण बांगड्यांचं ओझं त्याच्याच डोक्यावर राहिलं.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला, शिकवतं कोण आणि गुणपत्रक कोण देतं? विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो कोर्स आहे का, ते पाहा. नसेल तर विद्यापीठालाच ईमेल करा. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा, परीक्षा आहे का, क्रेडिट किती, तास किती? आणि आपलं कॉलेज ती क्रेडिट मानणार आहे का? हे जाण्याआधी लेखी घ्यायचं, आल्यावर नाही.

तिसरा, निवड कशावर होते? तुमचे गुण, तुमचं पत्र, प्राध्यापकांची शिफारस यावर होते, की फी भरली म्हणजे निवड झाली? ज्या दारात तुम्हाला नकार मिळूच शकत नाही, त्या दारावरच्या 'निवड' या शब्दाला किंमत नाही. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, म्हणून दुसऱ्याच्या मंजुरीला अर्थ होता.

चौथा, एकूण खर्च किती? फी हा फक्त एक भाग. खोली, जेवण, तिकीट, व्हिसा, विमा धरा. अस्सल, नामांकित कोर्सही महाग असतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची उन्हाळी शाळा विद्यापीठाचीच आहे, परीक्षा कडक आहे, पण तीन आठवड्यांच्या एका कोर्सची फी 2000 पौंडांहून जास्त आहे आणि राहण्याचा खर्च वेगळा. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण कर्ज काढून, दागिना मोडून तीन आठवड्यांसाठी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो दागिना पदवीसाठी ठेवा.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? ज्यांचा खर्च दुसरं कुणी उचलतं, ते कोर्स शोधायचे. जर्मन येत असेल तर डाडच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांसाठी प्रयोगशाळेत काम करत शिकायची सोय आहे: कॅनडात मायटॅक्स ग्लोबलिंक, 12 आठवड्यांची, आणि फ्रान्समध्ये जायला शार्पाक. नियम दर वर्षी बदलतात, म्हणून मूळ संकेतस्थळावरच वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टवर विसंबू नका.

आणि कुणी खर्च उचलतं तेव्हा त्यांचाही काही हेतू असतो, हे ओळखा. 1900 च्या उन्हाळ्यात क्युबातल्या सुमारे 1300 शिक्षक-शिक्षिकांना अमेरिकेनं लष्करी जहाजांतून हार्वर्ड विद्यापीठात नेलं. क्युबा तेव्हा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. सहा आठवडे त्यांना इंग्रजी, भूगोल, इतिहास, शाळा चालवण्याची पद्धत शिकवली. अमेरिकेला क्युबाच्या शाळा आपल्या वळणाच्या करायच्या होत्या. पण त्या शिक्षकांनाही आपल्या मुलांसाठी काही हवं होतं आणि ते त्यांनी आणलं. आजही जर्मनीला जर्मन बोलणारे लोक हवेत, कॅनडाला संशोधक हवेत. त्यात वाईट नाही. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी, आपला आपल्यापाशी असला पाहिजे.

तयारीचं वेळापत्रक साधं आहे, पण उलटं मोजावं लागतं. आपली सुट्टी एप्रिल-मेची, त्यांची जून ते ऑगस्टची. म्हणजे तुम्ही तिथे असाल तेव्हा इथे कॉलेज सुरू झालेलं असेल. हजेरीसाठी विभागप्रमुखांचं पत्र आधीच घ्या. मी घेतलं नव्हतं, आल्यावर महिनाभर खेटे घातले. ऑगस्टच्या कोर्सचा अर्ज आदल्या डिसेंबरच्या सुमारालाच भरावा लागतो. त्याआधी शिफारसपत्र, त्याआधी भाषेची परीक्षा, आणि सगळ्यात आधी पासपोर्ट. आधार, दाखला, गुणपत्रक यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आज घरी जाऊन बघा. आपल्याकडे एका कागदावर 'शेख' आधी आणि दुसऱ्यावर नंतर, हे घरोघरी आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला 30000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायला आपल्या घरांत अजून जड जातं. एक महिना मात्र घरच्यांना पेलतो. अम्मीनं मला सोडलं ते याच हिशेबावर. तेव्हा वसतिगृहाचा पत्ता, संयोजकांचा फोन, परतीचं तिकीट हे सगळं घरच्यांसमोर मांडा. लपवून अर्ज करू नका. मी परत आले आणि दोन वर्षांनी माझ्या चुलतबहिणीला पुण्यात शिकायला पाठवताना घरात वाद झाला नाही. त्या महिन्याचा हा फायदा कुठल्या गुणपत्रकावर नाही.

शेवटी एक आठवण. हा व्यवहार एकेरी नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था अमेरिकी विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकायला इथे पाठवते. मराठीसाठी पुण्याला, उर्दूसाठी लखनौला. भर पावसाळ्यात ती मुलं छत्री घेऊन मराठी शिकायला येतात. पुण्यात बसस्टॉपवर अशीच एक मुलगी मला भेटली होती. तिनं मराठीत विचारलं, "तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?" मी म्हटलं, "दखनी. आणि मराठी. आणि अब्बा उर्दू वाचतात." ती म्हणाली, "मग तुम्ही किती श्रीमंत आहात!" त्या वेळी मला तिचं हसू आलं. हायडेलबर्गच्या त्या स्वयंपाकघरात ते वाक्य आठवलं आणि पटलं.

तर अर्ज करा. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करा. आणि कुणी न मागता "आपली निवड झाली आहे" असं पत्र पाठवलं, तर घरातली कुठलीही वस्तू मोडण्याआधी ते चार प्रश्न विचारा.