पन्नास गुणांचा विजय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांसारखे भारदस्त विषय या व्यासपीठावर होऊन गेल्यानंतर बास्केटबॉलच्या एका सामन्याविषयी बोलण्याची अनुमती मला मिळाली, हे कार्यकारी मंडळाचे औदार्य होय. मी खेळाडू नव्हे, क्रीडासमीक्षकही नव्हे. एका संघाचा निव्वळ चाहता आहे. तेव्हा माझे बोलणे थोडे पक्षपाती असणार, हे आपण गृहीत धरावे.

तो संघ म्हणजे अमेरिकेतील गोल्डन स्टेट वॉरियर्स. २०१५ साली त्याचे मैदान कॅलिफोर्नियातील ओकलंड या शहरी होते. २०१९ पासून ते खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. २०१० मध्ये ज्या भागीदारांनी हा संघ विकत घेतला, त्यांत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे होते. पुढे २०१३ साली ते दुसऱ्या संघाकडे गेले. मालकांच्या यादीत असे आडनाव दिसले की आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्यांची नजर तेथे थबकतेच! पण मन जडले ते मात्र खेळामुळे.

२ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ३ तारखेच्या सकाळी, ओकलंडला मेम्फिस ग्रिझलीज हा संघ खेळावयास आला. हंगाम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. वॉरियर्सचा हा चौथा सामना. तो त्यांनी ११९–६९ असा, तब्बल पन्नास गुणांनी जिंकला.

आता, दुबळ्याला धूळ चारण्यात कसला पुरुषार्थ, असे कोणी म्हणेल. परंतु मेम्फिस दुबळा नव्हता. मार्क गॅसॉल आणि झॅक रँडॉल्फ हे दोन धिप्पाड गडी बास्केटखाली ठाण मांडून बसत, आणि प्रतिस्पर्ध्याला एकेका गुणासाठी घाम गाळावा लागे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, बाद फेरीत, याच संघाने वॉरियर्सना २–१ असे मागे टाकले होते. तेव्हा वॉरियर्सनी एक युक्ती केली. मेम्फिसचा टोनी ॲलन बचावात वाघ, पण त्याची दुरून फेक बेभरवशाची. त्याच्यावर त्यांनी अँड्र्यू बोगट हा उंच खेळाडू नेमला, आणि बोगट त्याला मोकळा सोडून बास्केटखाली राखण करू लागला. क्रिकेटमध्ये ज्याला उंच फटका मारता येत नाही, त्याच्यासाठी सीमारेषेवर कोणी उभा करीत नाहीत, तसाच हा प्रकार. मालिका ४–२ अशी फिरली, आणि पुढे वॉरियर्सनी १९७५ नंतर, म्हणजे चाळीस वर्षांनी, अजिंक्यपद मिळविले.

तरीही उन्हाळाभर कुजबुज चाललीच होती. अंतिम फेरीत क्लीव्हलंडचे केव्हिन लव्ह आणि कायरी अर्व्हिंग जायबंदी होते, कठीण संघ वाटेत आलेच नाहीत, सारे दैवाचे देणे! चाहत्याला हे फार झोंबते. नोव्हेंबरच्या त्या विजयाचे मोल मला वाटते ते यासाठी.

त्या रात्री स्टीफन करीने तीस गुण केले. त्यांतील एकवीस एकट्या तिसऱ्या सत्रात. तीन गुणांची रेषा या स्पर्धेत १९७९–८० च्या हंगामात आली. ती समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे. करी त्या रेषेच्याही मागून सहज फेक करी, म्हणून बचाव करणाऱ्यांना पुढे धावणे भाग पडे, आणि ते पुढे आले की मागे खिंडार पडे. गॅसॉल आणि रँडॉल्फ यांच्यासारखे बलदंड गडी बास्केटजवळच्या झुंजीसाठी घडलेले; येथे झुंज त्यांच्यापासून दूर नेली गेली. प्रेक्षकांची दृष्टी फेकींवर खिळते हे खरे, पण मला अधिक भावला तो बचाव. मेम्फिसच्या शंभरांतील सुमारे सत्तावीसच फेकी साधल्या. सहा फूट सात इंचांचा ड्रेमंड ग्रीन आपल्याहून उंच गड्यांना ज्या हिमतीने अडवी, ते पाहण्यासारखे असे.

पहिल्या चार सामन्यांतील फरक होता सोळा, वीस, चौदा आणि पन्नास गुणांचा; बेरीज बरोबर शंभर. आणि मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे बाकावर नव्हतेच! त्यांच्या जागी ल्यूक वॉल्टन काम पाहत होते. त्यांच्या हाताखाली संघाने त्रेचाळीसांपैकी एकोणचाळीस सामने जिंकले, पण नियमाप्रमाणे ते सर्व कर यांच्या नावे नोंदले गेले. आपल्या आजी-माजी कार्यवाहांना यातली गंमत निराळी समजावून सांगावयास नको.

आरंभीच्या विजयांना काय महत्त्व, हंगाम तर ब्याऐंशी सामन्यांचा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शेवटी जून २०१६ मध्ये अंतिम फेरीत ३–१ अशी आघाडी घेऊनही हा संघ क्लीव्हलंडकडून हरला, हेही ऐकविले जाते. ते दुःख मी नाकारीत नाही. शेवटचा सामना अवघ्या चार गुणांनी गेला. परंतु शिकागो बुल्सचा १९९५–९६ मधील बहात्तर विजयांचा विक्रम वॉरियर्सनी त्र्याहत्तर विजयांनी मोडला, तो एकाच सामन्याने. नोव्हेंबरचा तो सामना वगळा, आणि विक्रमाची केवळ बरोबरी उरते. त्र्याहत्तरावा विजय १३ एप्रिल २०१६ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, त्याच ओकलंडच्या मैदानावर मिळाला. आणि समोर होता पुन्हा मेम्फिसच.