आधी वार पाहा



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. विमान कुठलं स्वस्त, हॉटेलात सकाळचा नाश्ता मिळतो का, शाकाहारी जेवणाचं काय, याची चौकशी आपण अगदी कसून करतो. मात्र ज्या वास्तूसाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो, तिचा साप्ताहिक सुट्टीचा वार कोणता, हे पुष्कळांना तिच्या दारात पोचल्यावर कळतं. तेव्हा आज आपण इतिहास बाजूला ठेवू आणि वार, वेळ आणि दारं याबद्दल बोलू.

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आवारातल्या मशिदीत त्या दिवशी नमाज असतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची मंगळवारी. आता समजा, तुमच्या हाती सोमवार आणि मंगळवार असे दोनच दिवस आहेत आणि तुम्ही छत्रपती संभाजीनगरात उतरला आहात. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलंत, तर दोन्ही पदरात पडतात. क्रम उलटा झाला, तर दोन्ही दिवस कुलूप पाहून परत. मुंबईजवळची घारापुरीची लेणीसुद्धा सोमवारी बंद असतात.

पॅरिसमध्येही हाच घोळ आहे. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. मंगळवारी लूव्रच्या दारातून परतलेली सगळी मंडळी व्हर्सायची गाडी पकडतात, त्यामुळे त्या राजवाड्यात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते. व्हर्सायला बुधवारी किंवा गुरुवारी जावं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. सहलीच्या बसगाड्या संध्याकाळी जेवणाकडे वळलेल्या असतात, तेव्हा तिथे जरा मोकळं फिरता येतं.

लूव्रमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस मोनालिसाकडे धावतो. ते चित्र आहे जेमतेम ७७ सेंटीमीटर उंच आणि ५३ सेंटीमीटर रुंद. ते जाड काचेमागे आहे, पुढे कठडा आहे आणि कठड्यापुढे वर धरलेल्या शेकडो मोबाईलचं रान. बघून घ्या, पण लगेच पाठ फिरवा. समोरच्या भिंतीवर वेरोनीझ या चित्रकाराने १५६३ साली पूर्ण केलेलं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे. जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं. नेपोलियनच्या सैन्याने ते १७९७ मध्ये व्हेनिसहून उचलून आणलं. एवढं मोठं चित्र, आणि दालनातल्या बहुतेकांची त्याच्याकडे पाठ! हां, पण वर बघताना खिशाकडेही लक्ष असू द्या. एप्रिल २०१३ मध्ये पाकीटमारांच्या त्रासाला कंटाळून लूव्रच्या रखवालदारांनीच काम बंद केलं होतं आणि संग्रहालय एक दिवस उघडलंच नव्हतं. पासपोर्ट आणि पैसे शर्टाच्या आत ठेवा. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या.

ताजमहालाकडे परत येतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी फाटक उघडतं, तेव्हा रांगेत असायला हवं. नऊनंतर दिल्लीहून आलेल्या गाड्यांची गर्दी होते, आणि उन्हाळ्यात तो संगमरवर डोळे दिपवतो. प्रवेशाच्या तिकिटावर मुख्य कबरीपाशी जाता येत नाही, त्यासाठी वेगळे दोनशे रुपये पडतात. ते तिकीट आधीच घ्या, नाहीतर आतून परत यावं लागतं. तिकिटाची मुदत तीन तासांची असते. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, ट्रायपॉड यांना आत मज्जाव आहे. चकल्यांचा डबा गाडीतच राहू द्या. शुक्रवारीच आग्र्यात असाल, तर यमुना ओलांडून मेहताब बागेत जा. तिथून ताज मागच्या बाजूने, नदीपलीकडे दिसतो, आणि संध्याकाळी तर फार सुरेख. आणखी एक सोय आहे. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन, अशा पाच रात्री, शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळून, ताज थोड्या लोकांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी दाखवतात. त्याची तिकिटं आदल्या दिवशी काढावी लागतात. म्हणजे आग्र्याचं रेल्वे आरक्षण करण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात पौर्णिमा पाहून ठेवायची.

अजिंठ्याबद्दल एवढंच सांगतो की फीत बांधायचे बूट घालून जाऊ नका. चित्रं असलेल्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि दर दाराशी वाकून फिती सोडता सोडता निम्मा उत्साह संपतो. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे. शिरल्या शिरल्या काही दिसत नाही म्हणून बाहेर पडू नका. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की पहिल्या लेण्यातला पद्मपाणि हळूहळू दिसू लागतो. मोबाईलचा फ्लॅश मारू नका. तो चित्रांना मारक आहे आणि तिथे मनाईही आहे.

रोमला व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चमध्ये प्रवेशाला पैसे लागत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्याकडच्या बायकांना याची काही अडचण येत नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेस असतोच. अडतात ते पुरुष. युरोपला गेल्यावर पन्नाशीतल्या गृहस्थांना बर्म्युडा घालायची हौस येते, आणि मग ते बाहेर चौकात सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद, तेव्हा ती फुकट असतात, आणि म्हणूनच त्या दिवशी जाऊ नये. रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेण्याचंही कारण नाही. रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे वाहते नळ आहेत, १८७४ पासूनचे, आज शहरात अडीच हजारांच्या घरात. पाणी गार आणि पिण्याजोगं. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, मग ओंजळ न करताही पिता येतं.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका बारकाईने वाचा. कोणती स्थळं आतून दाखवणार आणि कोणती बसमधून किंवा बाहेर उभं राहून, हे त्यात लिहिलेलं असतं. आयफेल टॉवर दुसऱ्या मजल्यापर्यंत की अगदी वर, हेही. माझं विचाराल तर दुसरा मजला पुरतो. वरून पॅरिसचा नुसता नकाशा दिसतो. पाय चांगले असतील त्यांनी ६७४ पायऱ्या चढून जावं, ते तिकीटही स्वस्त पडतं.

आता कंबोडियातलं अंगकोर वाट. आपल्या माणसांनी पाहावं असं परदेशातलं एकच ठिकाण सांगा म्हटलं, तर मी हे सांगेन. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेलं हे विष्णूचं मंदिर. बहुतेक मंदिरं पूर्वाभिमुख असतात, हे पश्चिमाभिमुख आहे, आणि तिथला सगळा दिवस या एका गोष्टीवर आखायचा असतो. सूर्य मंदिराच्या मागून उगवतो, म्हणून पहाटे पाचला समोरच्या तळ्याच्या काठावर हजारो लोक कॅमेरे लावून बसतात. शिखरं काळी दिसतात, आकाश लाल होतं, फोटो निघतात, आणि सातच्या सुमारास बहुतेक मंडळी नाश्त्याला हॉटेलात परततात. तुम्ही परतू नका. तडक मंदिरातून पलीकडे, पूर्वेच्या ओवरीत जा. तिच्या दक्षिण भागात समुद्रमंथनाचा जवळजवळ ४९ मीटर लांबीचा शिल्पपट कोरलेला आहे. मध्ये विष्णू, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, आणि वासुकीचा दोर. सकाळचं कोवळं ऊन खांबांमधून तिरपं येऊन त्यावर पडतं आणि कोरीव काम उठून दिसतं. त्या वेळी तिथे फारसं कुणी नसतं.

पश्चिमेच्या ओवऱ्या दुपारनंतरच्या. एका भागात कुरुक्षेत्राचं युद्ध आहे, दुसऱ्यात लंकेचं. शरपंजरी पडलेले भीष्म शोधायला गाईड लागत नाही. आजीचं बोट धरून आलेला नातूही ओळखतो. सर्वांत वरच्या मजल्यावर जायचं असेल तर तिथेही खांदे-गुडघे झाकलेले हवेत, जिना उभा आहे, आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी तो मजला बंद असतो.

तिकीट एक, तीन किंवा सात दिवसांचं मिळतं, त्यावर तुमचा फोटो छापतात. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तीन दिवसांचंच घ्या. ते दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, लागोपाठ जाण्याची सक्ती नाही. संध्याकाळी पाचनंतर उद्यासाठी तिकीट काढलं तर त्याच संध्याकाळी सूर्यास्त पाहायला आत सोडतात, आणि तो दिवस हिशेबात धरत नाहीत. अंगकोरजवळच्या सिएम रीप गावाचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला, तो गावापासून बराच दूर आहे. परतीच्या दिवशी किमान एक तास रस्त्यासाठी ठेवा. जुन्या पुस्तकांतला वीस मिनिटांचा हिशेब आता चालत नाही.

उंचीवरच्या ठिकाणांबद्दल थोडं. पेरूमधलं माचू पिचू २४३० मीटरवर आहे, पण लोकांना त्रास होतो तो कुस्को शहरात, कारण विमान तिथे उतरतं आणि ते ३४०० मीटरवर आहे. जाणते लोक विमानतळावरून थेट खालच्या खोऱ्यात मुक्काम टाकतात आणि कुस्को शेवटी पाहतात. लेहला ही सोय नाही. तिथे पहिला दिवस झोपून काढायचा, मुंबई-पुण्याहून कितीही घाई करून आलेले असलात तरी.

श्रोतेहो, मी सांगितलेले दर आणि वेळा बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या पुन्हा तपासा आणि तिकीटही तिथूनच काढा. दारात भेटून बिनरांगेचं तिकीट देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.