इंजिनिअर या शब्दाचा अर्थ



इंजिनिअर म्हणजे यंत्रे चालविणारा, असा आपला समज असतो. परंतु या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी, हे आहे. मध्ययुगात वेढ्याची यंत्रे रचणाऱ्यास इंजिनिअर म्हणत. अठराव्या शतकात जॉन स्मीटन यांनी लोकोपयोगी बांधकामांसाठी ‘सिव्हिल इंजिनिअर’ हे नाव घेतले.

अरबीत भूमितीला ‘हंदसा’ आणि इंजिनिअरला ‘मुहंदिस’ म्हणतात. दोन्ही शब्द फारसी ‘अंदाजा’, म्हणजे माप, यावरून आले. मराठीतला ‘अंदाज’ त्याच कुळातला.

म्हणून विद्यार्थ्यांनो, भूमिती घोकू नका, मापून पाहा. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, घड्याळ उघडून पाहणाऱ्या हातावर रागावू नका. पदवी कॉलेज देईल. बुद्धी वापरण्याची सवय घरातच लागते.