यंत्राची नाडी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आज्ञा केली म्हणून आम्ही आपणापुढे उभे आहोत. आम्ही इंजिनिअर नव्हे. मॅट्रिक होऊन आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. तरी यंत्राचा बिघाड त्याच्या कंपावरून कसा ओळखतात, हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. तो आमच्या घरातून गेलेला आहे, आणि आपल्या ज्ञातीशी त्याचा संबंध फार जुना आहे.

आपला पिढीजात धंदा लोखंडाचा. आमचे वडील नांगराचा फाळ तयार झाला की तो दोरीला टांगीत आणि लहान हातोडीने त्यावर हलकेच ठोका देत. खणखणीत नाद आला तर फाळ शेतकऱ्याच्या हाती जाई. आवाज बद्द आला तर पुन्हा भट्टीत. डोळ्यांस न दिसणारी चीर कानास कळे. बाजारात मडके घेणारी बाईसुद्धा ते बोटाने वाजवूनच घेते. वस्तू कशी कंप पावते यावरून ती आतून कशी आहे हे कळते, हे तत्त्व आपल्या लोकांनी पुस्तकाविना जाणले होते.

आमचे थोरले बंधू हीच विद्या घेऊन एका साखर कारखान्यात फिटर झाले. बेअरिंगच्या घरावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ ते कानास लावीत आणि आत काय चालले आहे ते सांगत. 1986 सालच्या गाळप हंगामात बॉयलरचा धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्यापाशी त्यांनी असाच कान लावला. भुशाची राख पात्यांवर साचून पंख्याचा तोल गेला होता आणि त्याचा मार बेअरिंगवर बसत होता. त्यांनी वरिष्ठांस सांगितले, “साहेब, पंखा थांबवा. हे बेअरिंग उद्याचा दिवस काढणार नाही.” पंखा थांबला म्हणजे बॉयलर थांबतो आणि बॉयलरपाठोपाठ सारा कारखाना. आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. “रविवारी बघू” असे उत्तर मिळाले.

रविवार उजाडलाच नाही. दुसऱ्या रात्री बेअरिंग जाम झाले, कपलिंग तुटले आणि त्याचा तुकडा उडून बंधूंच्या हाताखालच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पायावर बसला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे चौकशी झाली. बंधूंस विचारण्यात आले, “धोका ठाऊक होता, तर लेखी का दिले नाही?” घरी आल्यावर ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, माझ्या हाताला खरखर लागली, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या मुलाच्या घरी बंधू पुढे दर दिवाळीस जात राहिले. परंतु त्या रात्रीविषयी ते आमच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

ते उत्तर पुढे त्यांच्याच मुलाने आम्हांस दाखविले. आमचा हा पुतण्या डिप्लोमा करून कारखान्यांची यंत्रे तपासण्याचे काम करतो. बेअरिंगच्या घरावर तो सुपारीएवढा एक संवेदक चिकटवितो. त्यात गारेच्या जातीचा स्फटिक किंवा खास भाजलेले सिरॅमिक असते. असा स्फटिक दाबला की त्यावर वीज उत्पन्न होते, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी 1880 साली दाखवून दिले. यंत्र थरथरले की स्फटिकावरील दाब कमीजास्त होतो आणि त्या प्रमाणात वीज तारेतून उपकरणाकडे जाते. बंधूंच्या मुठीतील स्क्रू-ड्रायव्हरनेच जणू हे नवे रूप घेतले आहे.

परंतु यंत्रातून येणारा कंप एकटा नसतो; अनेक कंप एकमेकांत मिसळलेले असतात. भजनाच्या फडात टाळ, मृदंग, वीणा आणि पन्नास गळे एकदम चालू असतात. तरी जाणता बुवा कोणता टाळ चुकतो ते नेमके हेरतो. गुंतलेल्या कंपाचे असे साधे साधे घटक वेगळे करता येतात, हे गणित फ्रान्समधील फूरिये या पंडिताच्या 1822 सालच्या ग्रंथाने जगापुढे ठेवले. पुढे 1965 साली अमेरिकेत कूली व ट्यूकी यांनी तेच गणित संगणकाकडून फार झपाट्याने करून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे आज हातातील उपकरण क्षणात सांगते की, सेकंदाला इतक्या वेळा होणारा कंप एवढा आणि तितक्या वेळा होणारा तेवढा.

आता मास्तराच्या सवयीप्रमाणे थोडे अंकगणित करू. एक यंत्र मिनिटास 1500 फेरे घेते असे समजा. म्हणजे सेकंदास 25. पंख्याचा तोल गेला असेल तर जड बाजू प्रत्येक फेऱ्यास एकदा धक्का देते. म्हणून 25 या आकड्यावर कंप उंच दिसतो. मोटार आणि यंत्र यांचे दांडे एका रेषेत नसतील तर बहुधा 50 वर कंप वाढतो आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेनेही हिसके बसतात. पायाचे बोल्ट सैल असतील तर 25, 50, 75, 100 अशी ओळच उभी राहते. वीस दात्यांचे चाक दुसऱ्या चाकात अडकून फिरत असेल तर त्याची खूण पाचशेवर.

बेअरिंगचे गणित सर्वांत गमतीचे आहे. दांडा सेकंदास 25 फेरे घेतो, तेव्हा छर्ऱ्यांचा पिंजरा साधारण 10 फेरे घेतो. छर्रे दहा असतील तर बाहेरच्या कड्यावरील खड्ड्यावरून सेकंदास सुमारे 100 छर्रे जातात आणि तितके ठोके पडतात. आतले कडे दांड्याबरोबर फिरते. म्हणजे पिंजऱ्याहून 15 फेरे अधिक. खड्डा तेथे असेल तर ठोके सुमारे 150. प्रत्यक्षातील आकडे बेअरिंगच्या मापांप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात. परंतु बेअरिंग न उघडता कोणते कडे बिघडले आहे ते कागदावर उमटते!

कंप किती झाला म्हणजे काळजी करावी, याचा पहिला प्रसिद्ध तक्ता रॅथबोन या अमेरिकन इंजिनिअराने 1939 साली मांडला. पुढे त्यावरून आंतरराष्ट्रीय प्रमाणे ठरली. पक्क्या पायावरील मध्यम आकाराच्या यंत्राचा कंप सेकंदास 2.8 मिलिमीटरच्या वर गेला की दुरुस्तीची वेळ ठरवावी, आणि 4.5 च्या वर गेला की धोका समजावा, असा त्यांचा साधारण आशय आहे. तथापि पुतण्या सांगतो की एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दरमहाचा चढउतार अधिक बोलतो. तापकऱ्याच्या तापाचा तक्ता ठेवतात, तसेच हे आहे. शिवाय बेअरिंगच्या दुखण्याची सुरुवात या ठोकळ आकड्यात पुष्कळदा दिसतही नाही. ती बारीक, जलद कंपांत दडलेली असते. म्हणून उपकरण घेतले की काम झाले असे नाही. नाडीवर बोट ठेवण्यास वैद्य लागतोच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, “1986 साली हे उपकरण हाती असते तर त्या मुलाचा पाय वाचला असता.” आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. परंतु सायबेरियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया नावाचे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. तेथे 17 ऑगस्ट 2009 रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राचे झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले, पाण्याच्या दाबाने ते अवाढव्य यंत्र जागचे उखडले आणि 75 माणसे प्राणास मुकली. चौकशीत आढळले की कंपाने ते बोल्ट आतून थकत गेले होते आणि अपघातापूर्वी यंत्राचा कंप वाढलेला होता. तरीही यंत्र चालूच ठेवण्यात आले होते.

तात्पर्य असे की, कानाने कळलेले कागदावर आणणे ही अर्धी विद्या. कागदावर आलेले मानून यंत्र थांबविणे ही उरलेली अर्धी. आणि ती कोणत्याही उपकरणात मिळत नाही.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांस. तेलकट हातांची लाज बाळगून मुलांस केवळ खुर्चीच्या नोकरीकडे ढकलू नका. ज्या विद्येसाठी आज मोठे कारखाने माणसे शोधतात, तिचा श्रीगणेशा आपल्या ऐरणीवर झालेला आहे. मुलींसही हे काम उत्तम साधेल. त्यास बळापेक्षा लक्ष अधिक लागते. दुसरी विनंती कार्यकारी मंडळास. विद्यार्थिसाहाय्य निधीतून दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांस आय.टी.आय. किंवा डिप्लोमानंतर या विषयाच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे. आमच्या निवृत्तिवेतनातून त्यासाठी पाच हजार रुपये आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत.

तिसरी विनंती आपल्यातील जे आता अधिकारपदी पोहोचले आहेत त्यांस. आपला उत्कर्ष पाहून आमची छाती भरून येते. उद्या एखादा फिटर आपल्यापुढे येईल आणि “साहेब, यंत्र थांबवा” म्हणेल. त्याच्यापाशी आलेख असेल किंवा नसेल. “रविवारी बघू” म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर यंत्रापाशी जा आणि आपला हात तेथे ठेवून पाहा. तो हातही लोहाराच्याच घरचा आहे.